भट्टी घरात आली तेव्हा : काचीगुड्याचा गोल ओव्हन

आपल्या मंडळात आपण बहुधा देवड्या, बारवा, शिलालेख, फर्मानं यांवर बोलतो. या वेळी मी एका ॲल्युमिनियमच्या डब्यावर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

काचीगुड्यातलं आमचं वडिलोपार्जित घर येत्या उन्हाळ्यात पाडणार आहेत. बिल्डरशी करार झाला आहे. दिवाळीच्या आधी आम्ही भावंडांनी बसून सामानाच्या तीन याद्या केल्या : ठेवायचं, द्यायचं आणि भंगार. माळ्यावरचा गोल इलेक्ट्रिक ओव्हन तिसऱ्या यादीत गेला होता. मी पेशाने विद्युत अभियंता, तीस वर्षे स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये काढलेली. विजेची वस्तू न तपासता भंगारात जाऊ देणे माझ्या हातून होत नाही. म्हणून तो घरी आणला आणि ठरवले की दिवाळीला यातच नानकटाई करायची. त्याआधी मी आयुष्यात चहा आणि ऑम्लेट यांपलीकडे काही केलेले नव्हते.

डब्यात काय होते

साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत दिसणारा हा ओव्हन ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात वर्णन. साधारण तेरा इंच व्यासाचा, सहा इंच उंचीचा गोल डबा. झाकणाच्या मध्यभागी वाटीएवढी काचेची खिडकी. काळ्या बेकलाइटच्या मुठी. चिनीमातीच्या खाचांत बसवलेली एक कॉइल तळाला आणि दुसरी झाकणात. दोन्हींना वेगवेगळी बटणे. बस्स. तापमान दाखवणारा काटा नाही, थर्मोस्टॅट नाही, घंटा नाही.

कॉइल नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची. या तारेचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये घेतले आणि टोस्टर, इस्त्री, शेगडी, ओव्हन या सगळ्यांचा रस्ता मोकळा झाला. ही तार लालभडक तापली तरी तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि आतला धातू जळत नाही. म्हणून तर पन्नासहून जास्त वर्षांनंतरही दोन्ही कॉइली शाबूत होत्या. मीटर लावला. खालची १०६ ओहम, वरची १३२ ओहम. २३० व्होल्टला हिशेब केला तर खालची सुमारे ५०० वॅट, वरची ४०० वॅट. दोन्ही मिळून चार अँपिअरच्या आत. म्हणजे त्या काळच्या ५ अँपिअरच्या साध्या प्लगवर चालेल असाच तो बनवला होता.

इथे एक सूचना. जुनी विजेची वस्तू सापडली की थेट प्लगमध्ये खुपसू नका. आमच्या ओव्हनच्या वायरीचे कापडी वेष्टण कुजले होते, प्लग दोन पिनांचा होता, म्हणजे धातूच्या डब्याला अर्थिंगच नव्हते. मेगर लावून कॉइल आणि डबा यांमधला रोध पाहिला, तर तो अर्ध्या मेगओहमच्याही खाली. इतकी वर्षे माळ्यावर पडून दमट झालेला. दोन दिवस ऊन दाखवले, रात्रभर आत ६० वॅटचा बल्ब पेटता ठेवला, तेव्हा कुठे तो पाचच्या वर गेला. मग उष्णतारोधक तीन पदरी वायर आणि तीन पिनांचा प्लग. झाकणाच्या कडेला पांढरी दोरी होती. ती ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता धरून ओली करून, हातमोजे घालून, तोंड झाकून काढली आणि पिशवीत बंद केली. अशी दोरी कोरडी खरवडू नका, तिची धूळ फुप्फुसाला वाईट. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

पहिला प्रयत्न

कृती मोबाइलवर पाहिली. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, पाव वाटी रवा, चिमूटभर सोडा, चमचाभर दही, वेलची. सोळा गोळे केले, मधोमध पिस्त्याचे काप दाबले. ओव्हनसोबत निघालेल्या गोल पत्र्यावर ते मांडले, झाकण लावले आणि दोन्ही बटणे दाबून खिडकीतून बघत बसलो.

सहाव्या मिनिटाला गोळे बसले आणि पसरून एकमेकांना चिकटले. दहाव्या मिनिटाला वास छान येऊ लागला. बाराव्या मिनिटाला त्याच वासाचा धूर झाला. उघडून पाहिले तर बूड कोळसा, माथा मैद्यासारखा पांढरा आणि मधे कच्चे पीठ. आमच्या सौ. दारात उभ्या होत्या. एवढेच म्हणाल्या, ‘‘कॉइल तापली. भट्टी काही जमली नाही.’’

बोलता बोलता वापरलेला शब्द, पण तो डोक्यात राहिला. मराठीत बेक करण्याला वेगळे क्रियापद नाही. भाकरी, शेंगदाणे, वांगे आणि नानकटाई, सगळे आपण ‘भाजतो’च. पण एखादी गोष्ट नीट जुळून आली की ‘भट्टी जमली’ म्हणतो. भट्टी जमवावी लागते, बटण दाबून ती जमत नाही, हे भाषेला माझ्याआधी माहीत होते.

काकूचा पहिला प्रश्न

ज्या काकूचा हा ओव्हन, ती आता ८६ वर्षांची आहे. बरकतपुऱ्यात चुलतभावाकडे असते. नजर अधू झाली आहे, अलीकडच्या गोष्टी विसरते, जुन्या मात्र स्वच्छ आठवतात. जळकी नानकटाई डब्यात घालून तिच्याकडे गेलो. तिने एक उचलली, उलटी करून बुडावरून अंगठा फिरवला आणि विचारले, ‘‘चाळणी कुठंय?’’

‘‘कसली चाळणी, काकू?’’

‘‘अरे, भोकांची थाळी. खालच्या कॉइलवर ठेवायची. तिच्यावर बोटभर धुतलेली वाळू, मग पत्रा. तुझ्या काकांनी करून घेतली होती. ती नसेल तर खालून जळणारच की.’’

ती थाळी मी पाहिली होती! जुन्या घरात तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ती कित्येक वर्षे बसली होती आणि आता ‘द्यायचं’ या यादीत होती. ओव्हन एका यादीत, त्याचा निम्मा जीव दुसऱ्या यादीत. आणखी आठवडाभर गेला असता तर ती थाळी कुणाच्या तरी घरी गेली असती आणि हा ओव्हन कसा चालायचा हे कुणालाच कळले नसते.

शास्त्र असे की तापलेली कॉइल पत्र्याच्या बुडावर थेट उष्णता फेकते. वाळू ती आधी स्वतः पिते, सगळीकडे सारखी पसरवते आणि मग सावकाश वर सोडते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण ओव्हन उघडून, कॉइली मोजूनसुद्धा मधे काहीतरी हरवले आहे हे मला दिसले नव्हते.

आग तेवढी त्यांची

‘‘पण ही वाळूची युक्ती काकांना सुचली कशी?’’ मी विचारले. काकू म्हणाली, ‘‘सुचायचंय काय? भट्टीत खाली फरशीच नसते का!’’ आणि मग ती ओव्हनच्या आधीच्या काळात गेली.

काका रेल्वेत होते. काचीगुडा स्टेशन १९१६ चे, आणि त्याच्या आजूबाजूला, बडी चावडी, सुलतान बाजार, इसामिया बाजार या भागांत मराठी घरे पुष्कळ. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतरच्या हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे नोकरी, शिक्षण, कोर्टकचेरी यांसाठी माणसे इकडेच येत. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण आमच्यासारखी अनेक घरे इथेच राहिली.

या घरांत दिवाळीची नानकटाई घरी मळली जायची आणि भाजायला गल्लीच्या टोकाच्या बेकरीत जायची. असे पत्रे महाराष्ट्रातल्या अनेक गावांतही बेकरीत जात, वाचकांपैकी कित्येकांनी लहानपणी ते डोक्यावरून नेले असतील. हैदराबादची गंमत अशी की त्याच भट्टीत मोहरममध्ये मुस्लिम घरांतले ‘दम के रोट’ भाजायला येत. रवा, मैदा, तूप, साखर, सुका मेवा घातलेला हा जाड रोट आता नामपल्लीच्या सुभान बेकरीसारख्या ठिकाणी तयार मिळतो, पण घरून पीठ मळून नेण्याची रीत शहराने पाहिलेली आहे. रोट शब्द आपल्यालाही परका नाही. मारुतीला आपण रोटच वाहतो, आणि मराठवाड्या-विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आहेतच.

आता यातला इतिहास पाहा. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतली म्हणून टिळक, रानडे आदी मंडळींवर ग्रामण्याचा खटला उभा राहिला आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. बेकरीचा पदार्थ हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता. आमची आजी तर पन्नासच्या दशकातही बेकरीचे बिस्कीट तोंडात घालत नसे. आणि तीच आजी भट्टीत भाजलेली नानकटाई खात असे! कसे काय, असे विचारल्यावर काकूने आजीचेच वाक्य ऐकवले : ‘‘पीठ आपलं, तूप आपलं, पत्रा आपला. आग तेवढी त्यांची. आगीला कुठं जात असते?’’

या एका वाक्यात किती तडजोडी आहेत! पीठ घरी भिजवले की ते आपले. पत्रा आपला, म्हणून भांड्याचा प्रश्न नाही. अग्नी शुद्ध, म्हणून भाजणाऱ्याचा प्रश्न नाही. भट्टीवाल्याला काकू ‘उस्ताद’ म्हणायची, तो तिला ‘अम्मा’. तो ‘परसों आना’ म्हणाला की ते उद्याही असू शकते आणि पुढच्या आठवड्यातही, हे हैदराबादकरांना सांगायला नको. सण वेगळे, देव वेगळे, पण उष्णता एकच, आणि ती वाटून घेण्याची पद्धत कुणी न लिहिता ठरलेली.

पत्र्याचा पुरावा

ही झाली आठवण. अभियंत्याला पुरावा लागतो, आणि तो माझ्या हातातच होता. ओव्हनचा तो गोल पत्रा घासून काढला तेव्हा दिसले की त्याची कड कारखान्यातली नाही. हाताने कातरीने कापलेली, मग दुमडलेली. एका बाजूला खिळ्याने ठोकलेले ठिपके आहेत आणि ते मधेच तुटतात. जुळवून पाहिले तर आमच्या आडनावाचे पहिले अक्षर, अर्धे कापले गेलेले. त्याच्या शेजारी उर्दू लिपीतला सहाचा आकडा ओरखडून काढलेला.

काकूने बोटाने चाचपून लगेच ओळखले. तो मुळात भट्टीचा चौकोनी पत्रा. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून घरच्यांनी अक्षर ठोकलेले, आणि उस्तादने आपल्या हिशेबाचा आकडा घातलेला. काकांच्या जमाखर्चाच्या वहीत १९६७ च्या दिवाळीच्या महिन्यात ‘विजेची भट्टी’ अशी नोंद आहे. ‘ओव्हन’ नव्हे, ‘भट्टी’. ती घरी आल्यावर चौकोनी पत्रा आत बसेना, म्हणून काकांनी तो गोल कापून घेतला.

त्या दिवाळीपासून आमच्या घराचे भट्टीवर जाणे थांबले. काकूला विचारले, ‘‘बरं वाटलं असेल ना?’’ ती म्हणाली, ‘‘हो तर. वाट बघणं नाही, ओझं नाही, पोरांना पाठवणं नाही. पण पहिल्या वर्षी उस्तादनं निरोप पाठवला होता, अम्माचा पत्रा का आला नाही म्हणून.’’

उतरत्या आगीचे तंत्र

आता मुख्य मुद्दा. विटांच्या भट्टीत लाकडे पेटवून घुमट आणि फरशी तापवतात, मग निखारे-राख बाजूला सारतात. भाजणे होते ते विटांनी साठवलेल्या उष्णतेवर. सर्वांत कडक असताना पाव, थोडी उतरली की बिस्किटे आणि नानकटाई. म्हणून घरचे पत्रे सकाळचे पाव निघाल्यावर, दुपारी घेत. नानकटाईला चढती नव्हे, उतरती आग लागते. सुरुवातीचा ताव तिला धरून ठेवतो, नंतरची ऊब आतून कोरडी करते.

कॉइलच्या ओव्हनचे याच्या अगदी उलट. बटण चालू ठेवले की उष्णता चढतच जाते. माझी पहिली खेप थंड ओव्हनपासून सुरू होऊन चढत्या आगीवर होती. पीठ घट्ट होण्याआधीच तूप वितळले, म्हणून गोळे पसरले. मग बूड जळले.

काकूची रीत अशी. वाळूची थाळी ठेवून दोन्ही कॉइली चालू. पत्र्यावर पांढऱ्या कागदाचा तुकडा. सावकाश एक ‘भीमरूपी’ म्हणेपर्यंत कागद चहाच्या रंगाचा झाला पाहिजे. काळा झाला तर थोडे थांबायचे, पांढरा राहिला तर आणखी तापवायचे. मग पत्रा काढून घ्यायचा आणि गोळे मांडायचे ते दुसऱ्या, थंड पत्र्यावर. तो आत ठेवला की खालचे बटण बंद. वरचे एक ‘भीमरूपी’ चालू, मग तेही बंद. दोन ‘रामरक्षा’ होईपर्यंत झाकण उघडायचे नाही.

मी थर्मोकपल लावून हे मोजले. कागद चहाच्या रंगाचा होतो तेव्हा पत्र्याच्या पातळीवर सुमारे २०५ अंश सेल्सिअस. दोन रामरक्षा म्हणजे माझ्या वेगाने अठरा-एकोणीस मिनिटे, आणि त्या अवधीत तापमान उतरत १६० पर्यंत आले. कागदावर आलेख काढला तर तो विजेच्या ओव्हनचा वाटतच नाही, लहानशा विटांच्या भट्टीचा वाटतो. कॉइलच्या डब्याला काकूने भट्टीसारखे वागायला शिकवले होते. भट्टी बंद झाली तरी तिचे तंत्र ओव्हनमध्ये उतरले, आणि कुठल्याही माहितीपत्रकात ते लिहिलेले नव्हते.

आणखी एक. काकू नेहमी दुपारीच भाजायची, ‘संध्याकाळी विजेला दम नसतो’ म्हणून. मला वाटे ही भट्टीचीच जुनी सवय असेल. पण गणित करा. वीज शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. शहराला तेव्हा हुसेनसागरच्या काठावरचे १९२० चे औष्णिक केंद्रही वीज पुरवत होते (ते १९८३ मध्ये बंद झाले), आणि संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की व्होल्टेज पडायचे. २३० चे २०० झाले की ९०० वॅटचा ओव्हन ६८० वॅटवर येतो, जवळपास चौथाई ताव कमी. काकूला सूत्र माहीत नव्हते, परिणाम माहीत होता.

दुसरी खेप

या वेळी तूप परातीत तळहाताने फेसले, पांढरे होईपर्यंत. फेसताना तुपात हवा कोंडली जाते, आणि सोड्याला फुगवण्यासाठी तेवढी तयार जागा मिळते. पीठ अर्धा तास गार ठेवले. बाकी सगळे काकूच्या रीतीने. रामरक्षा मोबाइलवर लावली होती, ती काकूला फोनवरून ऐकू गेली. ‘‘फार भराभर म्हणतोय तो. पाच मिनिटं जास्त ठेव.’’

सोळांपैकी तेरा चांगल्या झाल्या. तीन एका बाजूने करपल्या. तिथे वाळू पातळ पसरली गेली होती.

वाचकांना विनंती

घरे पाडली जात आहेत, माळे रिकामे होत आहेत. जुनी वस्तू ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण तिच्याजवळ एक कागदही ठेवा. वस्तू केव्हा आली. तिच्याआधी तेच काम कुठे आणि कसे व्हायचे. तिच्यासोबत वापरायच्या सुट्या गोष्टी कोणत्या आणि त्या आता कुठे आहेत. ती चालवणाऱ्याने मूळ पद्धतीत काय बदल केले. आणि ती बिघडल्यासारखी वागली की काय करायचे. हे विचारायचे माणूस अजून आहे तोवरच विचारा. मी हा कागद लिहून ओव्हनच्या डब्यात ठेवला आहे. थाळी आता ओव्हनच्या आतच असते, तांदळाच्या डब्याला दुसरे झाकण आणले.

काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार या भागांत घरचे पत्रे भाजून देणाऱ्या भट्ट्या नेमक्या कुठे होत्या, त्यांतली एखादी अजून तापते का, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी मंडळाला जरूर कळवावे. अक्षर ठोकलेला जुना पत्रा घरात असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा, भंगारात घालू नये.

तेरांपैकी सहा नानकटाया काकूकडे नेल्या. तिने एक चहात बुडवून खाल्ली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘जमली. पण तूप अजून फेसायला हवं होतं.’’